साडेआठच्या गाडीतला मामा

मिरजगावच्या स्टँडवर सकाळची साडेआठची कर्जत गाडी लागली की माणसं आधी दाराकडे धावत नसत, खिडक्यांकडे धावत. खिडकीतून हात घालून सीटवर काहीतरी टाकायचं, की ती जागा आपली. टोपी, टॉवेल, छत्री, पिशवी, हाताला लागेल ते. एका बाईने एकदा पायातली वहाण टाकली होती. एका म्हातारीने तर खिडकीतून नातवालाच आत सोडलं. तो दोन जागांवर आडवा पडून भोकाड पसरत होता, पण त्याला कुणी हलवलं नाही. टाकलेल्या वस्तूवर बसायचं नाही, हा नियम सगळी गाडी पाळायची. भांडणं व्हायची ती कुणाची टोपी आधी पडली यावरून, आणि तीही पहिल्या फाट्यापर्यंत मिटायची.

या नियमाला चिकटून आणखी एक समजूत होती. एकाच टॉवेलने धरलेल्या दोन जागांवर जी दोन माणसं बसतील, ती एका घरची. परक्यासाठी टॉवेल कोण टाकील?

ही गोष्ट एकाहत्तर सालची. मी एकोणीस वर्षांची होते, अकरावी पास, आणि दिवाळीनंतर कर्जतच्या शिवणवर्गाला जाऊ लागले होते. वर्ग सहा महिन्यांचा. तो पुरा करून परीक्षा दिली की सर्टिफिकेट मिळायचं, आणि सर्टिफिकेटवर एखाद्या शाळेत शिवणबाई म्हणून नोकरी लागू शकते, असं आमच्या वर्गाच्या बाई सांगायच्या. आमच्या वस्तीवरची एकही मुलगी तोवर रोज गाडीने परगावी गेली नव्हती. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी परवानगी दिली, पण दाराच्या बाजूच्या खुंटीकडे बोट दाखवून दिली.

"एक जरी वाकडा शबुद माज्या कानावर आला," ते म्हणाले, "की तुजी पिशवी हितं, खुंटीला."

पिशवी म्हणजे माझी शिवणाची पिशवी. आईनेच जुन्या लुगड्याची शिवून दिली होती. भाकरी बांधताना तिचं रोजचं वेगळंच, "गाडीत कुनाकडं बगू नगं चांगू, कुनाशी बोलू नगं." मी खिडकीबाहेर बघत बसायची. कर्जतच्या रस्त्यावर कुठल्या वळणाला किती बाभळी आहेत ते मला पाठ झालं होतं.

दुसऱ्या आठवड्यात दादा मला स्टँडवर सोडायला आले. त्या दिवशी गर्दी फार होती आणि माझी पिशवी खिडकीतून टाकायला मी लाजत होते. तेव्हा डाव्या बाजूच्या चौथ्या सीटवरून एकांनी हाक मारली, "इकडे ये बाळ, जागा आहे." त्यांचा पांढरा टॉवेल दोन जागांवर पसरला होता. अंगात टेरिलीनचा शर्ट, खिशाला दोन पेनं, केसांना तेल. ते कर्जतला कुठेतरी नोकरीला होते आणि मिरजगावला खोली घेऊन राहायचे. गाडीत त्यांना सगळे साहेब म्हणत.

दादांनी खालूनच हात जोडले. "साहेब, पोरीवर जरा ध्यान ठेवा. तुमच्या भाचीसारखी हाय."

"काळजीच करू नका, पाटील," साहेब म्हणाले.

आम्ही पाटील नव्हतो. आमच्या सात पिढ्यांत कुणी पाटील झालं नव्हतं. दादा त्या दिवशी घरी शीळ घालत गेले, असं आईने मला नंतर सांगितलं.

ते बोलणं कंडक्टर गोरक्षनाथने ऐकलं, मागच्या सीटवरच्या पुंजारामबाबांनी ऐकलं, आणि कर्जत येईपर्यंत मी साहेबांची भाची झाले. दुसऱ्या दिवसापासून टॉवेल रोज दोन जागांवर पडू लागला. मी गाडीत चढले की माणसं बाजूला होऊन वाट द्यायची. "जाऊ द्या, जाऊ द्या, मामांनी जागा धरलीया तिला." मी खिडकीशी, साहेब माझ्या उजव्या हाताला. पहिले पंधरा-वीस दिवस ते मला वर्गाबद्दल विचारायचे आणि मी हो-नाही करायची. मला बरंही वाटायचं, कारण उभं राहावं लागत नव्हतं.

डिसेंबर उजाडला आणि लढाई सुरू झाली.

त्या दिवसांत पेपरला काय मोल होतं ते आताच्या लोकांना सांगून कळायचं नाही. रेडिओ गावात चार-पाच घरी. नगरकडून सोलापूरला जाणारी गाडी मिरजगावला पेपरचा गठ्ठा टाकून जायची. साहेब त्यातला एक विकत घ्यायचे आणि आमची गाडी हलली की मोठ्याने वाचायला लागायचे. आवाज चांगला होता त्यांचा. विमानं, रणगाडे, बोटी, सगळं डोळ्यांपुढे उभं राहायचं. पुढच्या सीटवरची माणसं उलटी वळून गुडघ्यांवर बसायची, मधल्या वाटेतली वाकायची, आणि मागून पुंजारामबाबा मान लांब करून आमच्या दोघांच्या डोक्यांमध्ये तोंड आणायचे. त्यांचा मुलगा मच्छिंद्र फौजेत होता. तो कुठल्या बाजूला लढतोय हेही बाबांना ठाऊक नव्हतं. दर दहा ओळींनी ते विचारायचे, "आमच्या मच्छिंद्राच्या पलटनीचं काय लिवलंय का?"

पेपर मोठा. उघडला की दोन माणसांच्या मांड्या झाकायचा. आणि त्याच्याखाली साहेबांचा हात.

पहिल्या दिवशी मला वाटलं, गाडीच्या हिसक्याने लागला असेल. दुसऱ्या दिवशी रस्ता सपाट होता. तिसऱ्या दिवशी मी खिडकीच्या पत्र्याला इतकी चिकटून बसले की दंडावर गंजाचा डाग पडला, तरी हात आलाच. तोंडाने ते ढाक्याची बातमी वाचत होते. आवाज जराही हलत नव्हता. भोवती पंधरा माणसं वाकलेली. त्यांच्या तोंडाचा तंबाखूचा वास मला येत होता, इतकी जवळ.

माझ्या पिशवीत कात्री होती, सुया होत्या, टाचण्यांची डबी होती. ही गोष्ट ऐकून आजवर कितीतरी जणींनी मला विचारलं, मग टोचली का नाहीस एखादी? टोचली तर तो ओरडेल. ओरडला तर गाडी विचारील, काय झालं. गाडीने विचारलं तर संध्याकाळपर्यंत दादांना कळेल. कळलं की पिशवी खुंटीला. रोज माझं डोकं या पायऱ्या उतरून त्या खुंटीपाशी येऊन थांबायचं. शिवाय ज्या माणसाला दादांनी हात जोडले, त्याच्याबद्दल दादांना हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी पिशवी मांडीवर गच्च धरून बसायची आणि बाभळी मोजायची.

जागा बदलूनही पाहिली. एका सकाळी मी मागच्या दाराशीच उभी राहिले. तर सगळी गाडी प्रेमाने माझ्या मागे लागली. "आगं, मामा तिकडं जागा धरून बसल्यात आन् तू हितं उबी?" एकाने माझी पिशवी घेतली, ती हातोहात पुढे गेली आणि साहेबांच्या शेजारी जाऊन पडली. पिशवीमागोमाग मला जावंच लागलं.

हात झटकायला मात्र मी शिकले होते. पेपराखाली मी त्यांचा हात ढकलायची आणि ते माझं मनगट धरून दाबायचे. काचेच्या बांगड्या, त्या मोडायच्या. उजव्या हातात दोनच उरल्या तेव्हा मला आईची भीती वाटली. रिकामं मनगट तिच्या नजरेतून सुटलं नसतं. म्हणून कर्जतला उतरल्यावर मी गौहरमावशीकडे जायची.

गौहरमावशीचा बांगड्या भरण्याचा धंदा होता. ती मिरजगावचीच, आमच्याच गाडीने यायची आणि कर्जत स्टँडच्या बाहेर लिंबाखाली पेटी उघडून बसायची. तिच्या शेजारी छबूबाई मेथी-कोथिंबिरीची पाटी घेऊन बसे. गौहरमावशी उंच आणि सडपातळ, छबूबाई बुटकी आणि गोल. दिवसभर त्यांची एकमेकींना टोमणे मारायची चढाओढ चाले. गिऱ्हाईक नसलं तरी त्यांचा वेळ जायचा.

तिसऱ्या खेपेला मी हात पुढे केला तशी गौहरमावशीने तो घेतला आणि बांगडी न चढवता तसाच धरून ठेवला.

"पंधरा दिवसांत तिसरी खेप," ती म्हणाली. "आन् दर टायमाला उजवाच हात. डावा काय देवाला सोडलाय?"

"मशीनच्या चाकावर आपटतो, मावशी."

"चाकावर आपटलेली बांगडी खाली पडती, बेटी. कातडीत न्हाई जात." तिने माझं मनगट उन्हाकडे वळवलं. आतल्या बाजूला बारीक चिरा होत्या. "चाळीस वर्सं हातच बगते मी. ही बांगडी दाबून मोडल्याली हाय. कुनीतरी मनगट धरलंय. नवऱ्यानं धरल्याले बगितलेत, सासूनं धरल्याले बगितलेत. तुला तर दोन्ही न्हाई."

मी हात ओढायला लागले, पण बांगडी भरणाऱ्या बाईच्या मुठीतून हात सुटत नाही.

"गाडीत शेजारी कोन बसतं तुज्या?"

छबूबाईनेच कोथिंबीर निवडता निवडता उत्तर दिलं, "मामा बसतो की तिचा. पेपरवाला."

"ते माझे मामा नाहीत," मी म्हणाले.

छबूबाईच्या हातातली जुडी खाली आली. "न्हाईत? मंग टॉवेल कसा टाकतो रोज तुज्यासाठी?"

"मला काय माहीत. ते आमचे कुणीच नाहीत. दादा एकदा म्हणाले ध्यान ठेवा, एवढंच."

मग छबूबाई पाटीकडे बघत म्हणाली, "मी बगितला हुता त्याचा हात. परवाच्याला. मी खाली बसल्याले, पाटीपाशी. पेपराच्या खालनं दिसलं मला. म्हनलं घरचं मानूस हाय, आपन कशाला तोंड घालायचं."

"घरचं असतं म्हंजे चाललं असतं व्हय?" गौहरमावशी म्हणाली.

"तसं न्हाई गं."

"मंग कसं?"

छबूबाई पुन्हा कोथिंबीर निवडायला लागली. मला मात्र रडू फुटलं. मी त्यांच्या विनवण्या केल्या, कुणाला सांगू नका, घरी कळलं तर माझा वर्ग बंद होईल, चार महिनेच राहिलेत, मी सोसेन. गौहरमावशीने ऐकून घेतलं आणि हिरव्या बांगड्यांमधून माझ्या मापाच्या दोन निवडल्या.

"आमी कुनाला सांगनार न्हाई," ती म्हणाली. "तुजी गोष्ट हाय, तू सांगशील तवा. पर उद्या त्याच्या टॉवेलावर तू बसनार न्हाईस. आन् तू तोंड उगडलंस, तर आमी दोगी गप बसनार न्हाई. हात सैल सोड आता."

छबूबाईने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच गौहरमावशीवर तोंड टाकलं. "मोठी आली सांगनारी. उद्या तुला खिडकीपत्तुर हात तरी पुरतोय का बगू."

"उंच कोन हाय, तू का मी?"

दुसऱ्या दिवशी गाडी लागताना त्या दोघी स्टँडवर सगळ्यांच्या पुढे उभ्या होत्या. छबूबाईच्या डोक्यावर पाटी, तिच्याखाली कापडाची चुंबळ. तिने पाटी धाडकन खाली ठेवली, चुंबळ गौहरमावशीच्या हातात दिली, आणि गाडी पुरती थांबायच्या आत ती चुंबळ डाव्या बाजूच्या चौथ्या सीटवर जाऊन पडली. साहेबांचा टॉवेल नंतर आला आणि चुंबळीवर पडला. आम्ही आत शिरलो तेव्हा गौहरमावशीने तो टॉवेल दोन बोटांनी उचलला, घडी केली आणि मागच्या सीटच्या दांडीवर ठेवला. मी खिडकीशी बसले, ती माझ्या शेजारी. छबूबाई पायाशी पाटी घेऊन वाटेत.

तो दिवस नेमका कोणता होता ते मी विसरणं शक्य नाही. आदल्या संध्याकाळी रेडिओवर लढाई थांबल्याचं सांगितलं होतं. शत्रूने शरणागती लिहून दिली होती. सगळ्या गाडीला आता पेपर हवा होता. लोकांना ते छापलेलं ऐकायचं होतं, आणि पुंजारामबाबा तर सकाळी सहापासून स्टँडवर येऊन बसले होते.

साहेब पेपर घेऊन चढले आणि आमच्या सीटपाशी थांबले.

"मावशी, ही जागा आमची आहे. रोजची."

"चुंबळ आदी पडली," गौहरमावशी म्हणाली.

"अहो पण माझ्या भाचीशेजारी..."

"चुंबळीला भाची-बिची कळत न्हाई."

लोक हसले, पण लगेच कुरकुरायला लागले. "मावशे, ऊठ की, साहेबांना पेपर वाचायचाय." "मामा-भाचीच्या मदी कशाला बसलीस?" पुंजारामबाबा तर हात जोडायला लागले. "गौहर, तुज्या पाया पडतो, त्यान्ला बसू दे. माजा पोरगा तिकडं हाय. मला ऐकू दे."

गौहरमावशी हलली नाही आणि बोललीही नाही. तिने कबूल केलं होतं, माझी गोष्ट ती सांगणार नव्हती. छबूबाई पाटीवरचं ओलं फडकं उगाच नीट करत होती. गाडी सुटली होती. तिकिटांची पेटी पोटाशी धरून गोरक्षनाथ पुढून आला.

"काय कालवा लावलाय? मला तिकिटं फाडायचीत. मावशे, तू मागं जा. मामा-भाचीला बसू द्या एका जागी."

"ये इकडे, आपण पुढे बसू," साहेब मला म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. गाडी पुन्हा प्रेमाने माझ्या मागे लागली. "जा पोरी, जा की." कुणीतरी माझी पिशवी उचलायलाही हात घातला.

ती पिशवी मी ओढून घेतली. त्या क्षणी मला धैर्य वगैरे काही आलं नव्हतं. एवढंच कळलं की ही पिशवी पुढे गेली तर मला पुन्हा तिच्यामागून जावं लागेल, आज, उद्या, एप्रिलपर्यंत.

"हे माझे मामा नाहीत," मी म्हणाले. आवाज फाटका निघाला, पण निघाला.

"काका आसतील मंग," मागून एकजण म्हणाला.

"काका पण नाहीत. माझे कुणीच नाहीत. हे पेपराच्या खालून माझ्या अंगाला हात लावतात. रोज लावतात."

मी मान खाली घातली होती, मला छबूबाईच्या पाटीतली मेथी तेवढी दिसत होती. मग त्या पाटीमागून छबूबाई उभी राहिली. बुटकी असल्यामुळे ती उभी राहिली तरी फारसा फरक पडत नसे, पण त्या दिवशी पडला.

"खरं हाय," ती म्हणाली. "मी या डोळ्यांनी बगितलंय. आन् गप बसले, मामा हाय म्हनून. जोड्यानं मारा मला पायजे तर. पर खरं हाय."

"हात बगा पोरीचा," गौहरमावशी म्हणाली, आणि माझं मनगट तिने सगळ्यांना दाखवलं.

"अहो, काय बोलताय तुम्ही," साहेब म्हणाले. "हिच्या वडलांनीच मला सांगितलंय ध्यान ठेवा म्हणून. सगळ्यांनी ऐकलंय."

"आमी ऐकलं, तेच तर चुकलं," गोरक्षनाथ म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "साहेब, मला खरं सांगा. तुमी हिचे कोन?"

साहेबांनी शर्टाची कॉलर सारखी केली. मग एक माणूस म्हणाला, मलाबी येकदा शंका आल्ती. दुसरा म्हणाला, आल्ती तर बोलला का न्हाईस. पहिला म्हणाला, तू बोलला का. दोघांची जुंपायची वेळ आली. शंका बऱ्याच जणांना आली होती असं निघालं. प्रत्येकाने ती दुसऱ्याच्या भरवशावर सोडून दिली होती.

गोरक्षनाथने वर हात नेऊन घंटीची दोरी एकदा ओढली. गाडी उभी राहिली. ड्रायव्हरने जाळीतून विचारलं, "कोन उतरतंय रानात?"

"साहेब उतरत्यात," गोरक्षनाथ म्हणाला.

दोन्हीकडे हुलग्याचं वाळलेलं रान, माणूस नाही, झाड नाही. साहेब म्हणाले, इथे कसा उतरू, मला ऑफिस आहे. लोकांनी नुसती वाट करून दिली, अगदी मला रोज द्यायचे तशी, मान राखून. ते दारापर्यंत पोचले तेव्हा पुंजारामबाबांनी त्यांच्या काखेतल्या पेपराचं टोक पकडलं.

"येवडा ठेवून जा," बाबा म्हणाले. "लई नड हाय."

पेपर राहिला. टॉवेलही राहिला, तो छबूबाईने खिडकीतून बाहेर दिला. दोन घंट्या झाल्या आणि गाडी निघाली. तो माणूस त्यानंतर साडेआठच्या गाडीला आला नाही. पुढे कधीतरी तो दहाच्या गाडीला दिसतो असं छबूबाईच्या कानावर आलं. तेव्हा तिने त्या गाडीच्या दूधवाल्या बायकांना बसवून सगळं सांगितलं, त्यासाठी अर्धा दिवस धंदा बुडवला.

पण मी पेपराचं सांगत होते. तो आता पुंजारामबाबांच्या हातात होता आणि त्यांना अक्षर येत नव्हतं. ते तो पालथा धरून फोटो बघत होते. वाचणारी माणसं गाडीत आणखीही असतील, पण त्या घटकेला कुणी पुढे आलं नाही. सगळे एकमेकांच्या पायांकडे बघत होते.

"आणा बाबा," मी म्हणाले.

पहिला मथळा मी दोनदा वाचला, एकदा चुकीचा. मग शरणागतीच्या कागदावर सह्या कुठे झाल्या, किती सैनिक शरण आले, हे वाचता वाचता आवाज मोकळा झाला. माणसं पुन्हा वाकली, पण अर्ध्या हातावरून. मधे गौहरमावशीची कोपरं होती. मच्छिंद्राच्या पलटणीचं नाव पाचव्या पानावर एका ओळीत निघालं. पलटण सुखरूप आहे असं काही त्यात नव्हतं, नुसतं नाव होतं. बाबांनी ती ओळ मला चार वेळा वाचायला लावली आणि त्या ओळीवर अंगठा ठेवून बसले.

कर्जतला उतरताना ते माझ्यापाशी थांबले. "पोरी, मी तुज्या पाठीमागंच बसत हुतो. रोज. मान पुढं काढून."

"हो, बाबा."

"माजं सारं ध्यान लढाईकडं." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि परत घातली.

दिवसभर मी वर्गात एक बाही शिवली आणि तीन वेळा उसवली. कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. पन्नास माणसांनी ऐकलं होतं, म्हणजे आमच्या वस्तीवर ते माझ्याआधी पोचणार होतं. परतीच्या गाडीत गौहरमावशी म्हणाली, मी येते तुज्यासंगं घरी. मी नको म्हटलं. का ते मलाही कळलं नाही. सकाळी एकदा बोलले होते, तेव्हा दुसऱ्यांदाही जमेल असं वाटलं असावं.

दिवेलागणीला मी घरी पोचले. दादा गोठ्यापुढे म्हशीचं दावं बांधत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गोरक्षनाथ येऊन गेला. सायकलवर आल्ता."

आई चुलीपुढून उठून दारात आली. मी पिशवी हातातच धरून उभी राहिले.

"मला का न्हाई सांगितलंस?" दादांनी विचारलं.

"तुम्ही वर्ग बंद केला असता."

दादांनी गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. माझे दादा हट्टी होते, पण खोटं बोलायचे नाहीत.

"केला आसता," ते म्हणाले.

"आणि आता?"

"आता काय बंद करतो." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आख्ख्या गाडीला ठावं झालंय. उद्या तू दिसली न्हाईस तर मानसं म्हनतील, त्यो मोकळा फिरतोय आन् बन्सीनं सोताची पोरगी कोंडली. गोरक्षनाथ तसंच म्हनला माज्या तोंडावर. चा पिऊन म्हनला."

इतका वेळ ज्या बोभाट्याला मी भ्याले, त्यानेच माझा वर्ग वाचवला होता. हे मला तेव्हा नीट कळलं नाही. भूक लागली आहे एवढं कळलं.

जेवताना दादा मान खाली घालून भाकरी कुस्करत होते. शेवटी म्हणाले, "मीच हात जोडलं त्याला. ध्यान ठेवा म्हनून. आता न्हाई कुनाला सांगायचा."

"तिलाच सांगा की," आई म्हणाली. "तिला तोंड हाय की चांगलं. सासरी गेल्यावर कळंल त्यान्ला."

दादांना हसू आलं. ते आवरायला त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, आणि ठसका लागून सगळं पाणी माझ्या ताटात आलं.